काकूंचा मणका, डिंकाचे लाडू आणि घरभरचं "तुम्ही बसा": एक प्रकरण अभ्यास

केस इंदूरची, लोकमान्यनगरातली. नाव सांगत नाही, काकू म्हणू. वय 58, प्रायव्हेट शाळेत आयुष्यभर उभं राहून शिकवलेलं, उंची पाच फूट एक इंच, मणक्याच्या ऑपरेशनच्या वेळी वजन 78 किलो, दहा-बारा वर्षांपासून शुगर, गोळी मेटफॉर्मिनची. घरात काका (पीडब्ल्यूडीतून रिटायर), मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू. मी घरी जाऊन फिजिओ करते, त्यामुळे मला पेशंटबरोबर त्याचं घरही दिसतं, आणि या केसमध्ये खरं सांगू का, घरच जास्त बघावं लागलं.

आधी दुखणं काय होतं ते. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखायचा, उजवा. राजवाड्यावर उतरून जवळच्या सराफा बाजारापर्यंत चालत जायचं म्हटलं तरी मध्ये दोनदा कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसावं लागायचं, बसलं की पाच मिनिटांत बरं, परत चाललं की परत तेच. आणि एक गोष्ट काकूंनी स्वतःच सांगितली ती फार महत्त्वाची, की भाजीवाल्याच्या ठेल्यावर हात टेकून जरा पुढे वाकून उभं राहिलं की बरं वाटायचं, म्हणून त्या भाव करत मुद्दाम उभ्या राहायच्या. हे लक्षण नसांची जागा अरुंद झाल्याचं असतं, पुढे वाकलं की मणक्यातली ती जागा थोडी उघडते. पायातलं रक्ताभिसरण कमी असेल तर नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, वाकावं लागत नाही. एक्स-रे उभं राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून असा काढला तेव्हा कळलं की कंबरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय. पन्नाशीनंतरच्या बायकांत हे याच जागी जास्त होतं.

मग ऑपरेशन ठरलं. नसांवरचा दाब काढायचा, दोन मणक्यांच्या मध्ये केज (छोटा पिंजरा) आणि हाडाचा चुरा भरायचा, चार स्क्रू दोन रॉड. पण सर्जनने तारीख आधी पुढे ढकलली कारण तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 8.4 आली होती. घरात सगळे चिडले, दुखतंय तिला आणि हे शुगर बघतायत. पण शुगर जास्त असली की जखम चिघळायचा धोका वाढतो, हाडही नीट धरत नाही, त्यामुळे ते दोन महिने थांबले ते बरंच झालं. श्रावण संपता संपता ऑपरेशन झालं आणि पायाची कळ दुसऱ्या दिवशीच गेली. उजव्या अंगठ्याचा बधिरपणा राहिला, तो सावकाश जाईल किंवा थोडा राहील असं आधीच सांगितलेलं होतं.

मला बोलावलं ते नवरात्राच्या थोडं आधी, पाचेक आठवडे झाले असतील. ऑपरेशन छान झालेलं, टाके वाळलेले, आणि काकू दिवसभर कंबरेला पट्टा बांधून सोफ्यावर. बाथरूम, देवघर, सोफा, पलंग, बस. वजन 81. पाच आठवड्यांत तीन किलो वाढवणं म्हणजे कमाल आहे, पण ते कसं झालं ते बघितल्यावर आश्चर्य वाटलं नाही.

सकाळी चहा-बिस्किट. मग पोहे, इंदूरचं घर म्हटल्यावर पोहे आलेच, त्यावर मूठभर शेव, आणि तोंडाला चव नाही म्हणतात म्हणून काका कोपऱ्यावरून जलेबी आणायचे, "एखादीने काय होतंय". अकराला दोन डिंकाचे लाडू, कारण देवासच्या मावशींनी डबा भरून पाठवलेला, "हाड जुळून येतं गं, बाळंतिणीला देतात ते उगीच नाही." दुपारी चार पोळ्या, भाजी, पातळ वरण, भात. चारला चहा आणि शेव-परमल (परमल म्हणजे कुरमुरे). रात्री मऊ खिचडी, वर तुपाची धार. मी बसून हिशोब केला. प्रोटीन दिवसाचं चाळीस ग्रामच्या आसपास, आणि नुसते ते दोन लाडूच पाचशे कॅलरींपर्यंत जातात, त्यात गूळ आणि खारीक आणि पेशंट शुगरचा. निरोगी माणसाला सुद्धा किलोमागे 0.83 ग्राम प्रोटीन लागतं, आणि ऑपरेशननंतर शरीर भरून काढत असतं तेव्हा 1.2 ते 1.5 पर्यंत द्यावं असं मानतात. वजन जास्त असलेल्या माणसाचं आहे ते वजन धरून हिशोब करत नाहीत, त्यांच्या उंचीला शोभेल ते धरतात, म्हणून काकूंचं साधारण 70 ग्रामचं टार्गेट धरलं, तेही किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे हे त्यांच्या डॉक्टरांनी बघितल्यावर. म्हणजे घरात खाणं भरपूर होतं आणि तरी पेशंट उपाशी होता.

पण खाण्यापेक्षा मोठा प्रॉब्लेम वेगळाच होता. पहिल्या दिवशी मी म्हटलं काकू उठा, गल्लीत एक चक्कर मारू, तर त्यांनी सोफ्याचा हात घट्ट धरला. "अगं स्क्रू निघाला तर?" सून स्वयंपाकघरातून, "आई तुम्ही बसा, मी पाणी आणते." शेजारच्या भाभीजी दारातूनच, "अब तो आप आराम ही करना, बहुत काम कर लिया." मावशींचा फोन, अमक्याने मणक्याचं ऑपरेशन केलं आणि तो कायमचा अंथरुणाला खिळला. सगळे प्रेमाचेच लोक, वाईट कोणीच नाही, आणि सगळे मिळून बाईला हलू देत नव्हते. पट्टा सहा आठवड्यांनी हळूहळू कमी करा आणि रोज चाला असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं, तो कागद कपाटात फाइलमध्ये.

स्क्रूची भीती काकांमुळे गेली, माझ्यामुळे नाही. मी सांगत होते की स्क्रू फक्त तात्पुरता आधार आहे, खरा जोड हाडाचा हाडाला बसायचा आहे, त्याला तीन-सहा महिने, कधी वर्षभर लागतं, आणि हाड जुळलंच नाही तर पुढे स्क्रूसुद्धा ढिला पडू शकतो. काका पेपर खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे हे सेंटरिंग आहे. स्लॅब पिकेपर्यंत." म्हटलं हो अगदी तेच. "मग तराई?", म्हणजे स्लॅबवर पाणी मारणं. इथली तराई म्हणजे प्रोटीन, शुगर ताब्यात आणि व्हिटॅमिन डी. त्यानंतर त्या घरात मला फार समजवावं लागलं नाही, काकाच येणाऱ्या-जाणाऱ्याला सेंटरिंग समजावून सांगायचे. फरक एवढाच की हाडावर बेताचा भार पडला तर ते जास्त घट्ट होतं, पडून राहिलं तर विरळ होतं, म्हणून चालणं हवंच. (काका स्वतः तंबाखू खातात. निकोटीनमुळे हाड जुळायला त्रास होतो, त्यांचं ऑपरेशन असतं तर सर्जनने आधी ती पुडी फेकायला लावली असती, हे मी त्यांना ऐकवलं, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

आता चालणं. एकदम अर्धा तास चालायचं नाही, पाच-पाच मिनिटं दिवसातून पाच-सहा वेळा, आधी घरातल्या घरात मग गल्लीत, सपाट रस्त्यावर, पायात मागून बंद असलेली चप्पल किंवा बूट. दर तीन-चार दिवसांनी एकेका फेरीत मिनिट-दोन मिनिटं वाढवायची. पलंगावरून उठायचं ते सरळ उठून बसायचं नाही, आधी गुडघे वाकवून पूर्ण अंग एकदम कुशीवर, मग पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटून उठायचं. पहिले तीन महिने वाकणं, वजन उचलणं आणि कंबरेतून पिळणं हे तीन बंद, उचलायचंच तर दोन-तीन किलोपर्यंत. भरलेला कुकर नाही, पाण्याची बादली तर नाहीच, आणि नातू नाही. नातवाचं ऐकून काकूंच्या डोळ्यात पाणीच आलं. मग ठरलं की त्या खुर्चीवर बसतील आणि त्याला दुसरं कोणी मांडीवर आणून देईल, थोडाच वेळ.

बसण्याचं वेगळं सांगावं लागतं. बऱ्याच लोकांना वाटतं बसणं म्हणजे आराम. 1999 मध्ये जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या दोन मणक्यांमधल्या गादीतच (डिस्कमध्ये) सेन्सर बसवून दाब मोजला होता, त्यात झोपल्यावर सगळ्यात कमी, उभं राहिल्यावर साधारण 0.5 मेगापास्कल आणि उभ्याने पुढे वाकलं की त्याच्या दुप्पट, आणि पाठ गोल करून 20 किलो उचललं तर 2.3. सैल बसण्याचा आकडा उभ्याच्या जवळपासच आला होता, म्हणजे बसणंच वाईट असं नाही, पण काकू बसायच्या तो सोफा असा खचलेला की बसलं की गुडघे छातीशी. तो बदलला, लाकडी हाताची खुर्ची आणली. मालिका दोन तास सलग चालायच्या, तिथे नियम एकच केला, जाहिरात लागली की उठायचं. हा नियम सगळ्यात चांगला पाळला गेला कारण जाहिराती भरपूर असतात.

व्यायाम सुरुवातीला अगदी साधे. श्वास सोडताना पोट हलकं आत घेऊन धरणं, पडून टाच सरकवणं, नितंब आवळून सोडणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. शेवटचा फार कामाचा, जांघांत ताकद आली की कंबर आपोआप कमी वापरली जाते. सुनेने मोबाइलवर बघून भुजंगासन आणि सूर्यनमस्कार विचारले होते, ते सर्जनने हो म्हणेपर्यंत बिलकुल नाही सांगितलं. योग चांगलाच आहे पण जोडलेल्या मणक्याला त्यातलं काय चालतं आणि काय नाही हे बघून.

आणि स्वयंपाकघर. माझ्या मते या केसची खरी जिम तीच होती. काकू आयुष्यभर खाली बसून कणीक मळायच्या, ते बंद. सून म्हणाली मी करते ना सगळं, तर मी म्हटलं तू कर, पण रोज दहा मिनिटं आईंना ओट्याशी उभं राहू दे. परात ओट्यावर, कणीक मळताना पाठ सरळ ठेवून घोट्यातून आणि मांडीतून पुढे-मागे झुलायचं, खांद्याने दाबायचं नाही, एक पाय छोट्या पाटावर आणि थोड्या वेळाने दुसरा. पोळपाट उंच हवा म्हणून खाली जाड लाकडी फळी टाकली. पहिल्या दिवशी तीन पोळ्या लाटल्या आणि घामाघूम झाल्या, पण चेहरा बघायला हवा होता. देवघर जमिनीवर होतं, ते मात्र दोन दिवस वाद करून टेबलावर गेलं, "देव काय टेबलावर बसतात का", शेवटी काकांनीच सुताराला बोलावलं.

नवरात्र आलं तेव्हा खरी परीक्षा. काकूंचे नऊ दिवस उपास, वर्षानुवर्षं, आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात स्टार्च सोडून जवळजवळ काही नसतं, शंभर ग्राममध्ये एक ग्रामसुद्धा प्रोटीन नाही. शुगरची गोळी चालू, जखम भरतेय आणि नऊ दिवस हे, मला ते मान्य नव्हतं. पण उपास सोडा म्हटलं असतं तर त्यांनी मला सोडलं असतं. आधी डॉक्टरांना विचारून गोळीच्या वेळा ठरवल्या, मग मोरधनाचा (वरईचा) भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, घरचं पनीर, आणि पहिला व शेवटचा दिवसच कडक. राजगिऱ्यात शंभर ग्रामला 13-14 ग्राम प्रोटीन असतं, दाण्यात पंचवीसच्या आसपास. काकू म्हणाल्या देवीला चालतं का हे, मीच म्हटलं देवीने राजगिरा केलाय तो कशाला मग. साबुदाणा एकदा खाल्लाच त्यांनी, वाटीभर, ठीक आहे.

बाकीच्या दिवसांचं खाणं आम्ही मोडलं नाही, फक्त हलवलं. पोहे राहिले पण अर्धी प्लेट, वरून मूग-मटकीची उसळ, इंदूरला उसळ-पोहे खातातच की लोक, शेव चिमूटभर आणि जिरावन (पोह्यांवरचा मसाला) हवं तेवढं. वरण घट्ट. चार पोळ्यांच्या दोन. आठवड्यातून दोनदा पिठलं, बेसनात वीस-बावीस टक्के प्रोटीन असतं आणि काका खूश. संध्याकाळी शेव-परमलऐवजी भाजलेले फुटाणे मूठभर आणि ताक. रात्री झोपताना कपभर दूध. रविवारी दाल-बाफले (बाफला म्हणजे बाटीसारखा कणकेचा गोळा) बंद केले नाहीत, बाफला एक आणि दाल दोन वाट्या, तुपात बुडवायचा नाही, वरून चमचाभर. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, शंभर ग्राम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रामच्या आसपास कॅल्शियम असतं, पण खरं म्हणजे या घरात दूध-दहीच जास्त सोपं पडलं. अंडं घरात येत नाही, मुलगा बाहेर खातो हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. लाडू? आठवड्याला एक, आणि डबा सुनेच्या ताब्यात.

बद्धकोष्ठाबद्दल लोक लाजून बोलत नाहीत म्हणून लिहिते. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, मग जोर करावा लागतो आणि तो जोर थेट टाक्यांच्या जागी जातो. काकू तीन-तीन दिवस सांगायच्याच नाहीत. पाणी, इसबगोल, पपई, कमोडची सीट उंच केली आणि डॉक्टरांनी गोळी कमी केली तेव्हा जमलं.

मध्ये एक गोष्ट झाली ज्याने सगळे घाबरले. रात्री दोन्ही तळव्यांना मुंग्या, जळजळ. लगेच चर्चा, ऑपरेशन फेल गेलं. पण जरा नीट विचारलं तर चित्र वेगळं होतं. आधीचा त्रास उजव्या बाजूचा, पिंडरीच्या बाहेरून पायाच्या वरच्या बाजूला अंगठ्यापर्यंत, म्हणजे एका नसेच्या रस्त्यानेच. आता मोजे घातल्यासारखं दोन्हीकडे सारखं, ताकद व्यवस्थित. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि मेटफॉर्मिनने बी12 कमी होतं हे माहीत असलेलं. डॉक्टरांना सांगितलं, तपासणीत बी12 दोनशेच्या खाली आणि डी वीसच्या खाली. इंजेक्शनं आणि डीची आठवड्याची पुडी सुरू झाली, दीड-दोन महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी. शुगरनेही अशा मुंग्या येतात, दोन्हीचं मिळून असावं. मणक्याचं ऑपरेशन झालं की पुढचं प्रत्येक दुखणं मणक्याच्याच खात्यात टाकतात लोक, हे नेहमीचं आहे.

दिवाळीच्या साफसफाईत मात्र व्हायचं ते झालंच. सून माहेरी, काकूंना बरं वाटत होतं, दिवाणाखालचा पितळी भांड्यांचा डबा त्यांनी ओढून काढला, वाकून आणि वळून, दोन्ही एकदम. कंबर धरली. मला फोन आला तेव्हा त्या रडत होत्या, पुन्हा सोफ्यावर, पुन्हा पट्टा. अशा वेळी काय बघायचं ते घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं: पायात नवीन अशक्तपणा, लघवी अडकणं किंवा कळत नसणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, ताप, जखमेतून पाणी. यातलं काहीही असेल तर फिजिओ नाही, थेट हॉस्पिटल, रात्र असो की दिवस. काकूंना यातलं काही नव्हतं, पायात कळ नव्हती, फक्त कंबरेचे स्नायू आखडलेले. सर्जनने एक्स-रे काढला, स्क्रू जागच्या जागी. चालणं थांबवलं नाही, दोन-तीन दिवस अर्ध्यावर आणलं, शेक दिला, आठवड्यात परत मूळ जागी. उलट याचा एक फायदा झाला, काकूंना कळलं की दुखणं आणि मोडणं वेगळं. त्यानंतर त्या फार घाबरल्या नाहीत.

तीन महिन्यांनी सर्जनने थोडी ढील दिली. पूल म्हणजे पडून कंबर उचलणं, नंतर चार पायांवर येऊन एक हात आणि उलटा पाय लांब करणं, आणि मांडीतून वाकायला शिकणं, भिंतीकडे पाठ करून नितंब भिंतीला लावायला मागे न्यायचं, पाठीला काठी धरून, डोकं-पाठ-माकडहाड तिन्ही काठीला टेकलेले. हे शिकायला काकूंना वेळ लागला, कारण आपल्याकडे बायका सगळं कंबरेतूनच वाकून करतात, केर, फरशी, रांगोळी. स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसायला मात्र मी अजून नाही म्हणते, कंबर पिळलेली आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला दणका. ई-रिक्षाही त्यातलीच.

थंडीत सराफ्यात गराडू (एक कंद) सुरू झाले तेव्हा काकू-काका रात्री गेले, राजवाड्यापासून चालत, कुठेही न बसता. गराडू तळलेलाच असतो, दोघांनी मिळून एक प्लेट घेतली, असं सांगितलं, मी खोदून विचारलं नाही.

सहा महिन्यांचे रिपोर्ट: वजन 75, तीन महिन्यांची शुगर 6.9, एक्स-रेत हाडाचा पूल दिसायला लागलाय, सलग चालणं चाळीस मिनिटं, वरच्या मजल्यावर दिवसातून दोन-तीनदा चढणं. उजव्या अंगठ्याचा बधिरपणा अजून आहे, कमी झालाय पण गेला नाही, आणि थंडीत कंबर सकाळी आखडते. वजन अजून सात-आठ किलो कमी झालं तर बरं, जोडलेल्या मणक्याच्या वरच्या मणक्यावर आता जास्त भार येतो आणि पुढे दहा-पंधरा वर्षांचा विचार केला तर ते महत्त्वाचं आहे. काकूंना ते फारसं पटलेलं नाही, त्यांच्या मते 75 म्हणजे लग्नानंतरचं वजन आहे, हे काकांना मान्य नाही.

सध्या आमचं भांडण ओंकारेश्वरवरून चालू आहे. उन्हाळ्याआधी जायचंय त्यांना, गाडीने ऐंशीएक किलोमीटर, मध्ये भेरूघाटाची वळणं, आणि तिथे पायऱ्या. सर्जन हो म्हणालेत. माझ्या अटी अशा की दर चाळीस मिनिटांनी गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं, बडवाहला चहा उभ्याने, पायऱ्या उतरताना कठडा सोडायचा नाही, आणि दर्शनाला वाकून डोकं टेकायचं नाही, उभ्यानेच हात जोडायचे. पहिल्या तीन मान्य आहेत.